बंद न होणारी गाडी आणि रुसलेला जावई

तुम्हीच विषय काढलात म्हणून सांगतो, नाहीतर मी आपणहून त्या गाडीचं नाव घेत नाही. गाडी बंद पडल्याची एखादी तरी गोष्ट प्रत्येकाकडे असते. माझ्याकडे गाडी बंद न पडल्याची आहे. चहा घ्या, गार होईल. पिता पिता ऐका.

गाडी माझ्या वडिलांची. जुनी, डिझेलवरची, रंग मूळचा कुठला यावर घरात एकमत नाही. वडील गेल्यावर ती आमच्या माणिकपूरच्या सोसायटीत भिंतीला टेकून उभी होती आणि एक मांजर तिच्या मागच्या सीटवर नेमाने बाळंत होत होती. सोसायटीचे सेक्रेटरी भेटले की म्हणायचे, भंगारात देऊन टाका. जसिंता, म्हणजे माझी बायको, तेच म्हणायची. फक्त सेक्रेटरी जरा नम्रपणे म्हणायचे.

पण मी ऐकणाऱ्यातला नव्हे. त्यात मी विमा कंपनीत, गाड्यांच्या क्लेमच्या टेबलावर. दिवसभर ठोकलेल्या गाड्यांचे फोटो बघायचे, त्यावर सह्या करायच्या. त्यामुळे गाडीच्या पोटातलं आपल्याला सगळं कळतं, असा माझा एक गोड समज होता. फोटोत इंजिन कसं दिसतं हे मला खरोखरच कळतं. तेवढं ज्ञान आणि मोबाइलवरचे व्हिडिओ एवढ्या भांडवलावर मी जाहीर केलं की ही गाडी मी स्वतः चालू करणार. जाहीर कुठे केलं? सासरी, वटारला, सगळ्यांसमोर, जेवताना. सासऱ्यांनी मान डोलावली. बागायतदार माणूस, हवामानाचा अंदाज ऐकतानाही ते अशीच मान डोलावतात.

मग काय, दर रविवारी सकाळी चर्चमध्ये मिस्साला, म्हणजे प्रार्थनेला, जायचं आणि तिथून थेट चिंचोटीला. लोक चिंचोटीला धबधबा बघायला जातात. मी हायवेलगतच्या भंगाराच्या गोडाऊनमध्ये जात होतो. तिथले शेठ मला लांबूनच ओळखायला लागले होते आणि मला तो माझा सन्मान वाटत होता. आपलं गिऱ्हाईक किती अडाणी आहे हे त्या माणसाने पहिल्याच भेटीत ओळखलं असणार, हे मला आता कळतं. रेडिएटर एका टेम्पोचा आणला, स्टार्टर कुठल्याशा जीपचा, बॅटरी कशाची ते विचारू नका. हायवेवर झालेल्या सगळ्या अपघातांचं माझ्या बॉनेटखाली स्नेहसंमेलन भरलं होतं.

शेवटी अडलं ते डिझेलच्या पंपावर. जुना पंप कामातून गेलेला, आणि तसाच्या तसा कुठे मिळेना. शेठनी ढिगातून एक बाहेर काढला. बसेल म्हणाले, पण याला बंद करायची वायर वेगळी लागते साहेब, ती तुम्हाला...

मी त्यांना बोलूही दिलं नाही. "शेठ, गाडी चालू होईल एवढं बघा," मी म्हटलं. "बंद करायचं मी बघून घेईन."

किती रुबाबात म्हटलं होतं मी.

आता थोडी विद्या तुम्हालाही देतो, मला फार महाग पडलेली आहे. पेट्रोलच्या गाडीत चावी फिरवली की ठिणगी बंद होते आणि इंजिन बंद पडतं. डिझेलच्या इंजिनाला ठिणगी लागतच नाही. त्याला डिझेल मिळत राहिलं की ते चालत राहतं. म्हणून पंपाकडे डिझेल तोडायची कळ असते. चावी फिरवली की ती कळ डिझेल तोडते. माझ्या जुन्या पंपाला ती होती. नव्या पंपाची कळ एका तारेने ओढायची होती, आणि ती तार शेठ मला देऊ बघत होते.

लीनाच्या, म्हणजे माझ्या धाकट्या मेव्हणीच्या साखरपुड्याच्या दिवशी सकाळी गाडी चालू झाली. जसिंता आदल्या दिवसापासूनच माहेरी मदतीला गेलेली. मी म्हटलं, निघायच्या आधी एकदा स्टार्टर मारून बघू. आणि गाडी खोकली, थरथरली आणि धडधडायला लागली. एवढा काळा धूर निघाला की दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंनी वाळत घातलेले कपडे ओढून घेतले. मांजर कुठल्या कुठे गेली. माझे डोळे भरून आले. थोडे आनंदाने, बरेचसे धुराने.

आता इतक्या रविवारांनंतर चालू झालेली गाडी बंद करून परत चालू होते का बघायची हिंमत कोणाची होईल? मी तसाच वर गेलो, कोट चढवला, खाली आलो आणि निघालो. माणिकपूरच्या नाक्यावर रिक्षावाल्यांनी आपणहून बाजू दिली. तसं तिथे कोणासाठी होत नाही.

वटारला सासऱ्यांच्या वाडीत शिरलो तेव्हा मांडव सजला होता, अर्धं गाव जमलं होतं. मी मुद्दाम घरासमोरच गाडी उभी केली, सगळ्यांना दिसावी म्हणून. ऐटीत चावी फिरवली.

इंजिन चालू.

परत फिरवली. चावी बाहेर काढली, तिच्याकडे बघितलं, पुन्हा घातली, पुन्हा काढली. हातात चावी आणि समोर इंजिन धडधडतंय. मी जणू दुसऱ्याच्याच गाडीत बसलो होतो.

तुम्ही म्हणाल, गाडी चालू ठेवून उतरायचं. हँडब्रेकची केबल पुढच्या रविवारी बसवायची ठरली होती. आणि सासऱ्यांचं अंगण उतारावर आहे. उताराच्या खाली त्यांचं बावखल, म्हणजे वाडीला पाणी द्यायचं तळं. ब्रेकवरचा पाय काढला तर गाडी थेट पाण्यात. परत जावं म्हटलं, तर एवढ्यात मुलाकडच्या गाड्या येऊन माझ्या मागे ओळीने उभ्या राहिल्या.

गाडी गिअरमध्ये टाकून, ब्रेक दाबून क्लच सोडला असता तर इंजिन गपकन बंद पडलं असतं. हे मला नंतर वसई तालुक्यातल्या प्रत्येक माणसाने सांगितलं आहे. ज्यांनी जन्मात सायकल चालवली नाही त्यांनीही सांगितलं आहे. त्या वेळी मात्र माझं डोकं तेवढं एक बंद पडलेलं होतं.

पहिल्यांदा एक पोरगी सरबत घेऊन आली. आत चला म्हणाली. मी म्हटलं, बसतो जरा. मग सासूबाई आल्या. त्यांनाही तेच. नंतर सासऱ्यांचे भाऊ येऊन काचेतून डोकावून गेले. मी प्रत्येकाकडे बघून हसत होतो, पण ब्रेक दाबून धरल्याने पायाला पेटका आला होता. तेव्हा ते हसू कसं दिसत असेल याची कल्पना करा. मांडवात कुजबुज सुरू झाली. आलाय, पण उतरत नाही. इंजिनही बंद करत नाही. परत जायच्या बेतात दिसतोय.

माझ्या सासरी माणसं फार समजूतदार आहेत. कोणी काही सांगितलं नाही तरी त्यांना समजतं. पाच मिनिटांत सगळ्यांना समजलं की थोरला जावई रुसलाय. का रुसलाय तेही समजलं. पाहुण्यांच्या स्वागताचं भाषण जसिंताच्या चुलतभावाला, बस्त्यावला दिलेलं होतं. तो शाळेत शिक्षक, गावातली सगळी भाषणं तोच करतो. असं काही भाषण असतं हेही मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

सासरे आले. एरवी मला 'अरे विल्सन' म्हणून हाक मारणारा माणूस खिडकीशी वाकून म्हणाला, "विल्सनराव, भाषणाचं तुमच्या मनाला लागलं का?"

ते 'अहो-जाहो'वर आले तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं. पण माझ्यापुढे दोनच वाटा होत्या. एक, खरं सांगायचं, की महिनोन्महिने फुशारकी मारून जी गाडी चालू केली ती मला बंद करता येत नाही. दोन, रुसलेला जावई व्हायचं. रुसलेल्या जावयाला आपल्याकडे प्रतिष्ठा आहे. मी समोर बघत, जड आवाजात म्हटलं, "आता बोलून काय उपयोग, पप्पा. लागायचं ते लागलं."

एवढं नाटक मला शाळेच्या गॅदरिंगमध्येही जमलं नव्हतं.

मग बघता बघता सगळं हाताबाहेर गेलं. सासऱ्यांनी माफी मागितली. बस्त्यावने येऊन माफी मागितली आणि भाषण मीच करावं म्हणून हात जोडले. मी त्याला क्षमा केली, पण उतरलो नाही. लीना नटूनथटून दाराशी उभी, डोळ्यांत पाणी. ते बघून मात्र मला खरोखर मेल्याहून मेल्यासारखं झालं. खरं सांगून टाकावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात मुलाची आत्या पुढे आली. अर्नाळ्याची बाई, सगळं आयुष्य मासळीबाजारात गेलेलं, त्यामुळे इंजिनाच्या आवाजावरूनही तिचा आवाज ऐकू येत होता.

"थोरल्या जावयाला असं बाहेर कोन बसवतं?" तिने सगळ्यांना विचारलं. "उद्या आमच्या पोराचं पन असंच करनार का?"

अंगण चिडीचूप. माझं इंजिन सोडून.

झालं, आता साखरपुडा मोडतोय आणि तो माझ्या पंपामुळे मोडतोय. मी घाबरून ओरडलो की मी भाषण करतो, आत्ता करतो, इथूनच करतो. लोकांना वाटलं, जावई निवळला. बस्त्यावने मांडवातून माइक आणला, वायर पुरेना तेव्हा दुसरी जोडली, आणि तो खिडकीतून माझ्या हातात दिला. पाहुण्यांनी खुर्च्या फिरवून गाडीकडे तोंडं केली.

मी स्टिअरिंगवर बसून, धुराच्या ढगात, जगातलं पहिलं डिझेलवर चालणारं स्वागताचं भाषण केलं. काय बोललो ते आठवत नाही. या घराने मला मुलासारखं वागवलं असं काहीतरी म्हणालो. लीनाचं कौतुक केलं, होणाऱ्या नवऱ्यालाही म्हणालो की तुलाही असंच प्रेम मिळेल. आवाज कापत होता. मुख्यतः इंजिनामुळे, पण ऐकणाऱ्यांना ते कळत नव्हतं. सासूबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

आत्याबाईंचं तर मन इतकं भरून आलं की त्यांनी गाडीचं दार उघडलं. "चला बाबा, झालं गेलं इसरा," म्हणाल्या आणि माझा दंड धरून ओढलं. टोपल्या उचललेला हात तो. मी नको नको म्हणेपर्यंत माइकसकट बाहेर उभा होतो.

पाय ब्रेकवरून निघाला होता, हे सांगायला नको.

गाडी आधी जरा विचारात पडल्यासारखी जागेवरच थांबली. मग निघाली, अगदी सावकाश, कोणी ढकलल्यासारखी. मी मागे धावलो, बंपर धरायला हात पुढे केले. सुदैवाने वाटेत माणूस कोणी नव्हतं. दोन केळी आडव्या करून ती बावखलात उतरली आणि बॉनेट पाण्याखाली जाईस्तोवर धडधडत राहिली. मग गुळगुळ करून थांबली. बंद झाली एकदाची.

हातातला माइक अजून चालू होता. त्यात मी दिलेला सुटकेचा सुस्कारा सगळ्या वाडीने ऐकला.

आता मागून बघणाऱ्यांना काय दिसलं ते लक्षात घ्या. जावई उतरला, दोन्ही हात पुढे करून गाडीमागे धावला, गाडी तळ्यात गेली, आणि जावयाने समाधानाने श्वास सोडला. सासरे माझ्याजवळ आले, बावखलाकडे बघत उभे राहिले. मग अगदी हळू आवाजात म्हणाले, "विल्सनराव, चूक आमची होती. पण एवढा राग?"

मी तिथल्या तिथे सगळं खरं सांगितलं. पंप, तार, हँडब्रेक, सगळं. कोणाचाही विश्वास बसला नाही. चावी काढली तरी चालणारं इंजिन असतं का कुठे? आत्याबाई तर खूश होत्या. म्हणाल्या, जावयाने रागाच्या भरात गाडी बुडवली तरी या घरात त्याला कोणी उलट बोलत नाही, पोराला याहून चांगलं सासर मिळायचं नाही. साखरपुडा थाटात झाला. मला मुलाच्या शेजारी बसवलं आणि ताटातले गरम फुगे, म्हणजे मैद्याचे तळलेले गोळे, कोणी संपू देईना. बस्त्याव माझ्या समोरून जाताना वाकून जात होता.

संध्याकाळी शेजाऱ्यांच्या ट्रॅक्टरने गाडी बाहेर काढली. मांडवामागे जसिंता एकटी सापडली. मी तिला म्हटलं, तू तरी ऐक, मी रुसलो नव्हतो गं, मला गाडी बंद करता येत नव्हती.

ती म्हणाली, "माहितेय मला. तू चावी आतबाहेर करत होतास ना, तेव्हाच कळलं."

मी म्हटलं, मग सांग की सगळ्यांना. तुझं तरी ऐकतील. तिने आजूबाजूला कोणी नाही हे बघून घेतलं.

"अजिबात तोंड उघडू नकोस," ती म्हणाली. "नवरा तापट आहे म्हटलं की सकाळपासून सगळ्या बायका मला जवळ घेतायत. नवरा मूर्ख आहे कळलं, तर विचारतील, बघून केला नव्हतास का?"