काढून, डीमध्ये, टाक

तुम्ही आजवर कुणाला काढून टाकलंय का? लगेच नकारार्थी मान हलवू नका. त्या मंगळवारी सकाळपर्यंत बटणबाईही छातीठोकपणे नाहीच म्हणाली असती.

शर्टांच्या कारखान्यात चौदा वर्षं बटणं लावते, म्हणून ती बटणबाई. नवरा ट्रेलर चालवायचा. गोदामात माल उतरवताना पेटी पडली आणि त्याचा गुडघ्याखालचा पाय गेला. त्याच्या कंपनीचे साहेब दवाखान्यात येऊन म्हणाले होते, "ट्रेलरवरून काढून गेटवर टाकू, खुर्चीतलं काम आहे." महिन्याभरानं पत्र आलं. त्यात काढल्याचं होतं, गेटचं नावच नव्हतं. बाईनं कंपनीच्या फाटकात उभं राहून साहेबांची अशी बिनपाण्यानं केली की वॉचमन गालात हसला. "अहो, माणूस हलवतात! काढून टाकायला तो काय उसवलेला दोरा आहे? त्याला एकदा विचारलंत तरी?"

मग लेकीनं जुना कॉम्प्युटर आणून त्यावर ट्रेलर चालवायचा गेम टाकून दिला. ड्रायव्हरनं आधी नाक मुरडलं. पण टेबलाला स्टिअरिंग बसलं आणि माणूस पुन्हा कामावर जाऊ लागला. रोज दाढी करून, शर्ट खोचून बसायचा. तीन वर्षांत नव्वद हजार किलोमीटर, गाडीला एक ओरखडा नाही. पडद्याच्या कोपऱ्यातला तो आकडा आल्यागेल्याला दाखवायचा, पोरगी शाळेत पहिली आल्यासारखा.

आठवड्यापूर्वी गेम उघडेनासा झाला. सी ड्राइव्ह गच्च भरलेला, त्यावर लाल पट्टी. शेजारचा डी ड्राइव्ह मोकळाच. ड्रायव्हरनं दाढी करणं सोडलं. मंगळवारी तो नव्या पायाचं माप द्यायला गेला, तेव्हा बाईनं ठरवलं, येईपर्यंत गाडी चालू करून ठेवायची. लेक दुसऱ्या शहरात कपड्यांच्या दुकानात असते. तिला फोन लावला.

"आई, जमेल तुला?"

"बटणं लावण्यात जन्म गेला माझा. दाबायला काय लागतं?"

"बरं. यादीत गेम दिसतोय? तो सीमधून काढून..." फोन खरखरला, "...टाक."

"काढून टाकू?"

"हो गं, टाक टाक! गिऱ्हाईक आलंय, ठेवते."

गेमपुढे कचऱ्याच्या डब्याचं चित्र होतं. बाईनं ते दाबलं. मशीननं इंग्रजीत काहीतरी विचारलं. "एकदा सांगितलेलं कळत नाही का रे तुला?" म्हणत तिनं यस दाबलं. त्यानं पुन्हा विचारलं. पुन्हा यस. लाल पट्टी निळी झाली आणि बाईनं खुशीत चहा टाकला.

चहा उकळतोय तोच लेकीचा फोन. "गेला का डीमध्ये?"

"कुठे?"

"डीमध्ये! सीमधून काढून डीमध्ये टाक म्हटलं ना!" मग लेकीचा आवाज एकदम बारीक झाला. "आई, दुसऱ्यांदा काय विचारलं त्यानं?"

"मला काय ठाऊक! यस म्हटलं."

"बाबांचे किलोमीटरही पुसायचे का, हेच विचारलं असणार."

 चहा उतू जाऊन गॅस विझला, तरी बाईला कळलं नाही. मधला एक शब्द फोननं गिळला आणि नव्वद हजार किलोमीटर गेले.

दारात कुबड्या वाजल्या. तिनं लपवलं नाही, आडपडदा न ठेवता सांगून टाकलं. ड्रायव्हर कोपऱ्यातल्या आकड्याची जागा बघत राहिला. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मला एकदा विचारायचं तरी," तो म्हणाला.

 हे तर बाईचंच वाक्य, फाटकातलं! तिनं फडकं घेऊन उतू गेलेला चहा पुसायला घेतला.

संध्याकाळी लेकीनं फोनवर एकेक पायरी तीनतीनदा वदवून गेम पुन्हा उतरवून घेतला, थेट डीमध्ये. आता कोपऱ्यात शून्य आहे. ड्रायव्हर अजून स्टिअरिंगला शिवलेला नाही. बाईनं आरशापुढे दाढीचं सामान मांडून ठेवलंय, आणि त्याला ते वापर म्हणायची तिची हिंमत होत नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगणं आहे. गेम असो की माणूस, काढायची भाषा करण्याआधी कुठे टाकणार ते बोला. आणि ज्याचं आहे, त्याला एकदा विचारा.