मिठाच्या गावात राहिलेली मुलगी

त्या मालिकेचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं की वाचणारे भांडायला येतात, आणि माझ्यात आता तेवढा जोर उरलेला नाही. जपानी चित्रकथा आहे, माझ्या जन्माच्या आधीपासून चालू आहे आणि अजून संपायचं नाव घेत नाही. आटून गेलेल्या एका नदीचा उगम शोधायला एक टोळी निघते, एवढीच गोष्ट. मी ती मोबाइलवर इंग्रजीतून वाचते. पानं उजवीकडून डावीकडे वाचावी लागतात आणि पुष्कळ जण तिथंच कंटाळतात. लहानपणी मशिदीत अरबी शिकताना मला ती सवय लागलेली होती, त्यामुळे माझं काही अडलं नाही.

अडलं ते मधल्या भागात. टोळीतली नकाशे काढणारी मुलगी मीठ पिकवणाऱ्या एका गावात राहते आणि बाकीचे पुढं निघून जातात. नंतर ती फारशी दिसतच नाही. तिचं बरोबर की चूक, यावर वाचक वर्षानुवर्षं एकमेकांची डोकी खातायत. मराठीत या मालिकेवर मतं लिहायचं इंटरनेटवर एक पान होतं. लिहिणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, आणि त्यातली एक मी, टोपणनावानं. एकोणीस वर्षांची असताना मी तिथं भलामोठा लेख ठोकला होता. ती मागं राहिली नाही, ती थांबली. चालत राहण्यापेक्षा थांबायला जास्त हिंमत लागते, असं त्यात होतं. वाचकांनी तो डोक्यावर घेतला. आता तो समोर आला की मी घाईघाईनं बोट फिरवून पुढं जाते.

गेल्या हिवाळ्यात मला सांगलीचं स्थळ आलं. मुलगा हळदीच्या पेढीवर कामाला, घरची माणसं साधी. आमचं घर उंब्रजमध्ये महामार्गाला लागून, खाली अब्बांचं गाद्यांचं दुकान आणि वर आम्ही. चहा-नाश्ता झाला, मोठ्यांचं हवापाण्यावर बोलून झालं, आणि आम्हा दोघांना बोलायला गच्चीवर पाठवलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर पहाऱ्याला फुपी, म्हणजे अब्बांची बहीण. तिला ऐकू सगळं येतं, कळतं मात्र स्वतःच्या सोयीनं.

"फावल्या वेळात काय करता?" त्यानं विचारलं.

वाचते म्हटलं. काय वाचता, तर मी त्या मालिकेचं नाव घेतलं. त्याचा चेहरा असा काही उजळला की मी लाजायचं विसरले. मला खरंच आनंद झाला. या महामार्गाच्या कडेला मला आजवर तिचा दुसरा वाचक भेटलेला नव्हता.

"मधला भाग सगळ्यात भारी," तो म्हणाला. "ती नकाशावाली मागं राहिली नाही, ती थांबली. चालत राहण्यापेक्षा थांबायला जास्त हिंमत लागते."

माझं वाक्य. एका शब्दालाही धक्का न लावता.

हसावं, की सांगून टाकावं? पण तोंडातून भलतंच निघालं. "चूक आहे ते."

"मराठीत एक बाई यावर फार सुंदर लिहायची. तिचं वाचा, म्हणजे तुम्हाला कळेल."

"वाचलंय. बावळट आहे ती बाई."

तो खरोखर दुखावला. "तिच्याबद्दल असं बोलू नका. तिला जेवढं कळलंय तेवढं तुम्हाला कळलेलं दिसत नाही."

आता यावर माणसानं खूश व्हावं की चिडावं? मी दोन्ही झाले, आणि आवाज चढला तो चढलाच. त्याचाही चढला. फुपी खोकली, मग जोरात खोकली, मग उठून उभीच राहिली. आम्ही खाली आलो.

पाहुणे गेल्यावर फुपीनं अम्माला कोपऱ्यात घेतलं. "पोराचं आधीच कुठंतरी जमलेलं हाय. मिठाच्या गावातली हाय कोणतरी. हिनं कुणाला तरी बावळट म्हणलं, तर केवढा चवताळला म्हाईत हाय?"

अम्मानं कपाळाला हात लावला. मी समजावून सांगितलं की ती मिठाच्या गावातली मुलगी कागदावरची आहे, चित्रातली.

"मग बावळट कुणाला म्हणलीस?" अम्मानं विचारलं.

"मलाच."

त्यांचा गोंधळ मी समजू शकते, माझा तरी कुठं कमी होता! त्यात संध्याकाळीच सांगलीहून निरोप आला. मुलाला मुलगी पसंत आहे, शुक्रवारपर्यंत कळवा.

पसंत कोण आहे, हेच मला समजेना. गच्चीवरच्या मुलीशी तर तो भांडून गेला. आणि लेख लिहिणारी ती बाई त्याला आवडते, पण ती बाई आता मी राहिलेली नाही. हो म्हणायचं तर कुणाच्या वतीनं म्हणायचं?

घरात मला "कसा वाटला" असं सगळ्यांनी विचारलं. मी म्हणत होते, माहीत नाही. अब्बा म्हणाले, "पोरगी जबाबदार हाय, ती काय वाकडं बोलायची न्हाई." अब्बांना माझा अभिमान आहे. भाईजान नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा मी कराडला कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते. थोडे दिवस म्हणून दुकानात बसले, ती बसलेच. कॉलेज सोड असं मला कुणी म्हटलं नव्हतं, जा असंही कुणी म्हटलं नाही. गादी भरायला येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला अब्बा सांगतात, "पोरगं गेलं, पर पोरगी आपल्या खुशीनं दुकानात बसली." मी खोळीला टाके घालत ऐकते आणि हसते.

शुक्रवार उजाडला तरी माझं काही ठरेना. त्याचा नंबर त्याच्या बहिणीनं अम्माकडे देऊन ठेवला होता. दुपारी दुकानातूनच मी त्याला फोन लावला. अब्बा कापूस पिंजायच्या यंत्रापाशी होते. ते यंत्र चालू असलं की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं, म्हणून मला दुकान घरापेक्षा सुरक्षित वाटलं.

"ती लेख लिहिणारी बाई मीच आहे," मी ओरडून सांगितलं.

तो आधी हसला. मी हसत नाही हे कळल्यावर त्याचं हसू थांबलं. मला वाटलं, आता म्हणेल, मग तेव्हाचंच तुमचं बरोबर होतं. तसं म्हणाला असता तर माझा नकार ठरलेलाच होता.

"मग मत का बदललं?" त्यानं विचारलं.

एवढ्या वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. मीही स्वतःला विचारलं नव्हतं. यंत्राच्या वर आवाज काढत मी बोलत सुटले. "ती थांबलीच नव्हती! तिला कुणी चल म्हटलंच नाही! माझं कॉलेज सुटलं होतं तेव्हा, आणि मी दुकानात खुशीनं बसले असं माझं मलाच वाटावं म्हणून लिहिलं होतं ते सगळं!"

'कॉलेज' म्हणताना लाइट गेली. यंत्र बंद पडलं. मला थांबता आलं नाही, पुढचं सगळं त्या शांत दुकानात तसंच मोठ्यानं बाहेर पडलं.

अब्बा यंत्रापाशी उभे होते. भुवयांवर, दाढीवर कापूस. फोनमधून तो हॅलो, हॅलो करत होता.

"मी तर सगळ्यास्नी सांगत आलो..." अब्बा म्हणाले. गाद्यांच्या ढिगावर बसले. हाताचा कापूस काढू लागले. मग खिशातून स्वतःचा फोन काढून त्यांनी वर अम्माला लावला.

"सांगलीवाल्यास्नी आज काय कळवू नगं," ते म्हणाले. "हो बी म्हणू नगं, न्हाई बी म्हणू नगं. पोरीला इचारायचंच राहिलंय."