इटलीखाली मेथी, रशियाखाली वांगी

ज्या कुणी आमच्या चौथ्या कडूनिंबावरची पत्र्याची पाटी काढून नेली, त्याने नीट ऐकावं. तुझं छप्पर गळत असेल, कबूल. पण तू पत्रा नाही नेलास, एक अख्खं झाड नेलंस!

कसं, ते सांगतो. पण आमच्या वाचनालयाच्या ओट्यावर बसलं की एक किस्सा दुसऱ्याला हाक मारतो आणि दुसरा येताना तिसऱ्याला घेऊन येतो. त्यामुळे जरा दम धरा.

नवं राज्य झालं त्या सुमारास मी नागपूरहून बी. ए. होऊन गावी आलो. धाड गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं गाव, तिथल्या हायस्कूलात मी मास्तर. गावाला जगाशी जोडायचं, तेही पहिल्याच सहामाहीत! म्हणून वाचनालयासमोरच्या सहा कडूनिंबांवर ‘झाड’ या अर्थाचे सहा शब्द टांगले. इंग्लंडचं ‘ट्री’, फ्रान्सचं ‘आर्ब्र’, स्पेनचं ‘आर्बोल’, जर्मनीचं ‘बाउम’, इटलीचं ‘आल्बेरो’ आणि रशियाचं ‘देरेवो’. खाली देशाचं नाव.

*

पहिला वाचक श्यामरावकाका. साठीचे शेतकरी, चौथ्या झाडाखाली रोजची बैठक.

“मास्तर, पन हे कोनचं झाड?”

“कोणतंही, काका. आंबा, बाभूळ, सगळ्यांना मिळून एक शब्द.”

“निस्तं झाड म्या तं अजून पाह्यलं नाही बाप्पा! त्यायच्याकडे बाभूळ नसन. एक डाव काटा रुतला असता, तं बरोबर नाव सुचलं असतं!”

*

घरी आईला सहाही शब्द म्हणून दाखवले.

“सहा भाषेत झाड म्हन्तं,” ती म्हणाली, “आन् अंगनातल्या तुळशीले पानी टाकाले मीच!”

*

महिन्याभरात गावाने पाट्या आपल्या केल्या. बाजाराच्या दिवशी गिरजाबाई शेवटच्या झाडाखाली वांगी घेऊन बसायची. शेजारच्या मेथीवालीचं टोपलं जरा सरकलं, की तिचा आवाज वेशीपर्यंत जाई.

“ए बाई, इटलीत बस नं आपल्या! काऊन रशियात घुसून राह्यली?”

*

मग बातमी आली, रस्ता रुंद होणार, झाडं जाणार. मी रात्रंदिवस बसून चार पानी अर्ज लिहिला. मानवजात, संस्कृती, वृक्षप्रेम, सहा भाषांतले दाखले! उत्तर नाही.

हेडमास्तरांनी नक्कल वाचली. “सहा भाषा घातल्यात, मास्तर. साहेबाला कळेल अशी एकही नाही!”

*

मे महिन्याच्या भर दुपारी रस्त्याच्या खात्याचा कारकून जीपमधून आला. नवा माणूस, उन्हाने लालबुंद. रजिस्टरात एक रकाना होता, ‘झाडाचे नाव’. खाली कोण उतरतो? मान वर न करता पाट्या वाचून त्याने रकाना भरला. आर्ब्र, फ्रान्स, एक. देरेवो, रशिया, एक.

चौथ्या झाडाची पाटी आदल्याच आठवड्यात चोरीला गेलेली. “हे कोणतं?” त्याने जीपमधूनच विचारलं.

खाली बसलेल्या श्यामरावकाकांनी खरं ते सांगितलं. “कडूनिंब!”

पंधरा दिवसांनी हुकूम आला. ‘कडूनिंब, नग एक, तोडावे. उर्वरित पाच विदेशी वृक्ष, तज्ज्ञ तपासणीपर्यंत हात लावू नये.’

कुऱ्हाड पडली त्या दिवशी ओट्यावर कुणी हसलं नाही. काका बुंध्याकडे बघत म्हणाले, “माह्या तोंडानं गेलं, मास्तर.”

*

तज्ज्ञ आले नेमके बाजाराच्या दिवशी. चष्मा, हॅट, हातात जाड पुस्तक. मी वर्गात रोज सत्य शिकवणारा माणूस, म्हटलं सरळ सांगून टाकावं. तोंड उघडलं, तोच काकांनी माझं मनगट असं दाबलं की सत्य घशातच राहिलं.

साहेब थेट रशियाखाली गेले. एक पान तोडलं, चावलं आणि थुंकले.

“अहो बाई, हे तर साधं कडूनिंब आहे!”

गिरजाबाईने हातातलं वांगं पदराला पुसलं, टोपल्यात नीट ठेवलं.

“हाव साहेब. आलं तवा रशियाचंच होतं. इथचं ऊन लागलं, झालं कडू!”