नानांची रेघ

जळगावच्या कॉलेजात मी पहिल्या वर्षाला संख्याशास्त्र शिकवते. मुलं पाठीमागे मला खडूस म्हणतात. म्हणू देत. पुस्तकातल्या तयार आकड्यांवर गणितं सोडवून हा विषय येत नाही, म्हणून दर वर्षी मी वर्गाला चोपड्याकडे आमच्या केळीच्या मळ्यात नेते. कटाई चालू असते. माझे वडील, म्हणजे नाना, कापलेला घड दोन्ही हातांनी उचलतात, क्षणभर तोलतात आणि वजन सांगतात. मग तोच घड काट्यावर जातो. मुलांनी दोन्ही आकडे टिपायचे आणि आलेख काढायचा: आडवं खरं वजन, उभा नानांचा अंदाज.

अंदाज बरोबर असतील तर ठिपके एका तिरप्या रेघेवर बसतात. नानांचे बसायचे. थोडे इकडेतिकडे व्हायचे, पण रेघ सोडून जायचे नाहीत. नानांना आलेखातलं ओ की ठो कळत नाही, तरी मी असाइनमेंट तपासल्या की संध्याकाळी त्यांचा फोन ठरलेला. "मनी रेघ सरळ उनी का, माय?" त्यांची रेघ सरळ आली, असं मी म्हटलं की स्वारी खूश. मग गावभर सांगत फिरायचे, पोरीच्या कॉलेजात आपण पास झालो म्हणून.

यंदा नानांनी पहिला घड उचलला आणि म्हणाले, "अठरा." काट्यावर जवळपास तेवढाच भरला. दुसरा नुसत्या डोळ्यांनाही मोठा दिसत होता. "अठरा." नाना गंमत करताहेत असं वाटून मुलं हसली. तिसरा घड वाऱ्यात मोडलेल्या झाडाचा, धड पोसलाही नव्हता. नानांनी तोही तितक्याच गंभीरपणे तोलला. "अठरा."

मग कुणी हसलं नाही. आई गेल्यापासून नाना चहा पिऊन पुन्हा चहा मागतात, तेच तेच विचारतात. वय झालं, असं आम्ही सगळे म्हणत होतो. मजूर माना खाली घालून पानं रचत राहिले. नाना मात्र प्रत्येक घडानंतर माझ्याकडे बघायचे. मी होकारार्थी मान हलवायची.

असाइनमेंट आल्या तेव्हा पहिली उघडायचा धीर होईना. काय दिसणार ते मला माहीत होतं. घड कोणताही असो, अंदाज अठराच. म्हणजे सगळे ठिपके एका आडव्या ओळीत. उघडली तर ठिपके तिरपे, रेघेला चिकटून. दुसरीतही तसेच. तिसरीतही. साऱ्या वर्गाने नानांचे अंदाज बदलले होते, आणि ज्याने त्याने आपापल्या मनाने.

'खोट्याच्या कपाळी गोटा' म्हणत, आकडे बनवणाऱ्याला मी सरळ शून्य देते. हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. तरी पोरांनी माझ्या बापाला पास केलं होतं. मी स्टाफरूममध्ये सगळ्यांसमोर रडले. मग डोळे पुसले आणि प्रत्येकाला शून्य दिलं. मायेपोटी बनवले म्हणून खोटे आकडे खरे होत नाहीत. वर्गात कुणी तक्रार केली नाही. त्याचाही मला राग आला.

संध्याकाळी नानांचा फोन आला. यंदा विसरतील असं वाटलं होतं, विसरले असते तर बरं झालं असतं.

"मनी रेघ सरळ उनी का, माय?"

"आली, नाना."

"बठ्ठा बराबर शे ना?"

"सगळं बरोबर आहे."

ते हसले. किती तरी दिवसांनी मी त्यांना असं मनापासून हसताना ऐकलं. फोन ठेवून मी कणीक मळायला घेतली. हात पिठात असतानाच फोन पुन्हा वाजला. तसाच उचलला.

"मनी रेघ सरळ उनी का, माय?"