ताडकळसच्या बाजारातल्या झांजा

नामांतराच्या दंगलीत आमची वस्ती जळाली, तेव्हा गायन पार्टीची पेटी, ढोलकी, झांजा सगळं गेलं. पुढच्या चौदा एप्रिलच्या जयंतीला काहीतरी वाजलंच पाहिजे, म्हणून मी जुन्या झांजा शोधत ताडकळसच्या बाजारात गेलो.

एक म्हातारा पोत्यावर जुनी भांडी मांडून बसला होता. झांजांची जोडी मात्र त्याने मांडीवर घेतली होती. बँडमध्ये उभा जन्म झांजा वाजवून त्याचे कान गेलेत, असं शेजारच्या भाजीवालीने मला सांगितलं.

"वाजव," तो म्हणाला. मी वाजवल्या. त्याने डोळे मिटून माझ्या कोपरावर तळहात ठेवला.

"हात आवळायलास. ढिला सोड."

तिसऱ्या खेपेला त्याचा चेहरा उजळला. मग त्याने विचारलं, "कुठं वाजवनार?"

"जयंतीला," मी हळूच म्हणालो. दंगलीपासून आम्ही बाजारात असंच दबून बोलायचो, कडेकडेने चालायचो.

त्याने कानामागे हात धरला. "काय?"

मी इकडेतिकडे पाहिलं. आवाज थोडा चढवला. त्याने मान हलवली, "न्हाई आलं."

मग मी पोटातून ओरडलो, "चौदा एप्रिलला! जयंतीला!"

आजूबाजूची माणसं वळून बघायला लागली. म्हातारा मात्र हसला. त्याने झांजांच्या दोऱ्या माझ्या बोटांत नीट अडकवून दिल्या.

"असंच वाजवायचं," तो म्हणाला.

त्याला पहिल्याच वेळी कळलं होतं का, कुणास ठाऊक. मी मात्र त्या दिवशी बाजाराच्या मधूनच चालत घरी आलो.