बेलावरची नागअळी

धर्मा भोईर समोरच्याकडे पाहून बोलत नसे. लिंबाचे कोवळे पान तोडून उन्हाकडे धरी आणि त्यातच बघत उत्तर देई. ठाण्याजवळ बाळकुमच्या त्याच्या लिंबूबागेत मी पहिल्यांदा सौद्याला गेलो, तेव्हा भावाचे सोडून म्हणाला, "ही बघा शेट, पोरगी कशी नागमोडी चालते." पानाच्या पापुद्र्याआड चंदेरी रेघ होती, टोकाला अळी. तिचा पुढे नखाहून बारीक पांढरा पतंग होई.

"तुझी पोरगी माझा धंदा बुडवील."

"माझा त संसार," तो हसला.

स्वातंत्र्यानंतरची ती पहिली वर्षे. हातगाडीवरून मी कल्याणच्या बाजारात गाळ्यापर्यंत पोचलो होतो. डागी लिंबू माझ्याकडे खपत नसे, आणि अळीने पोखरलेल्या पानांतून खैऱ्या रोग शिरून फळे डागाळू लागली. धर्मा रोज वाकडी पाने खुडून जाळी. झाड पुन्हा पालवी फोडी. पतंगाला अंडी घालायला तीच हवी असे.

शेतकी खात्याचा माणूस म्हणाला, ही अळी बेलावरही वाढते. बागेच्या मधोमध धर्माच्या आजाने लावलेला बेल होता. श्रावणी सोमवारी अर्धे गाव तिथून पाने नेई. रेघ उमटलेले पान देवाला चालत नाही, म्हणून बायका ते बाजूला काढत आणि पायदळी येऊ नये म्हणून लिंबांच्याच बुंध्याशी ठेवत. ते पाहून मी भडकलो.

"बेल तोड, नाहीतर मी दुसरी बाग बघतो."

"आजाचा हात हाय त्यावर, शेट."

"आजा येणार आहे का तुझी लिंबे उचलायला?"

माघात त्याने बेल तोडला. पावसाळी पालवीवर अळी होतीच. समोरच्या डोंगरात माकडलिंबाची रानझुडपे आहेत, त्यांवरही ती जगते, हे त्या शहाण्याने नंतर सांगितले. डोंगर कोण तोडणार?

डागी माल खपेना, तेव्हा धर्मा बाग उपटून मिठागरावर कामाला गेला. गाव मला दोष देते. मी सांगितले ते त्या वेळी बरोबरच होते. धर्मा एकदा भांडला असता, तर मीही चार शब्द सुनावून मोकळा झालो असतो. तेवढेही त्याने होऊ दिले नाही.

एका श्रावणात तो ठाण्याच्या बाजारात भेटला, तो शेवटचा. हातात विकत घेतलेला बेल.

"कितीला दिला?" मी सवयीने विचारले.

"भाव नाय केला, शेट. बायको म्हनते, देवाशी सौदा येकदा केला, तेवढा पुरे."