सांडव्याजवळचा पंजा

ही गोष्ट माझ्या तोंडून कधी निघालेली नाही. बायकोजवळ नाही, आणि बावीस वर्षं ज्यांच्यासोबत बराकीत झोपलो त्यांच्याजवळही नाही. तुम्ही ओळखीचे नाही, म्हणून सोपं जाईल असं वाटलं होतं. सोपं कसलं? तीनदा लिहायला बसलो आणि तीनदा तलावाचं वर्णन करून उठलो.

तर आधी तलावच सांगून घेतो. आमचं गाव सिंदेवाहीकडचं. वरच्या अंगाला मोठा तलाव, तलावाला मातीची लांब पाळ, पाळीच्या एका टोकाला मोहाचं झाड आणि दुसऱ्या टोकाला जादा पाणी वाहून जाणारा सांडवा. सांडव्यापलीकडे जंगल. आम्ही मासोळ्या धरणाऱ्यांच्या घरातले. बाबांचं जाळं, थोडी धानाची शेती, उरलेल्या दिवसांत मजुरी. हिवाळ्यात त्या पाण्यावर धुकं असं बसायचं, की पाळ कुठं संपते आणि पाणी कुठं लागतं ते कळत नसे. धावताना पायाखाली जमीन आहे की नाही, तेही कळत नसे. अजूनही झोपेत मी तिथंच धावतो. समोर एक वेणी हलत असते, आणि ती माझ्या हाती कधीच लागत नाही.

ती वेणी शालूची. माझ्या धाकट्या बहिणीची.

त्या वर्षी फौजेत माझी निवड झाली होती. कशीबशी — धावण्यात मी अगदी शेवटच्या घोळक्यात होतो, हे घरी कुणाला सांगितलं नव्हतं. ट्रेनिंगला हजर व्हायला अडीच महिने होते. कुणीतरी सांगितलं, की अंग तयार नसेल तर तिथं पोरांना रडवतात, काहींना घरीही धाडतात. मी हायच खाल्ली. गावानं शाळेत बोलावून हार घातला होता, बाबा चार माणसांत ताठ चालायला लागले होते. परत आलो असतो तर तोंड कुठं दाखवलं असतं?

म्हणून पाळ. उजाडता उजाडता उठायचं, मोहापासून सांडव्यापर्यंत आणि परत, अशा फेऱ्या मारायच्या. मोहाच्या फांदीला लटकून बीम मारायचे. शाळेच्या जुन्या दप्तरात वाळू भरून ते पाठीवर घेऊन चालायचं. घरी आलो की आई भिजवलेले चणे आणि गूळ समोर ठेवायची. एकट्यानं कंटाळा यायचा, म्हणून मीच शालूला म्हटलं, चल संगं. तिनं पोलीस भरतीचा फॉर्म भरला होता, तीही तयारीला लागणारच होती. पण बोलावलं मी — हे ध्यानात असू द्या.

मला कापडी बूट होते. ती अनवाणी. लहानपणापासून बाबांसोबत छातीभर पाण्यात उतरून शिंगाडे काढलेले, ओलं जाळं ओढलेलं. तिच्या पायांत किती बळ आहे हे तिलाही ठाऊक नव्हतं. पहिला आठवडा ती मागं होती, दुसऱ्या आठवड्यात बरोबरीनं. मग एके दिवशी सांडव्याच्या अलीकडे ती पुढं निघून गेली. काही विशेष न करता.

ती पुढं गेली, ते तितकं नाही लागलं. लागलं ते नंतरचं. ती वळली आणि उलट्या पायांनी हळूहळू धावत माझी वाट बघू लागली. धुक्यातून आवाज आला, "दादा, थांबू का?" मग ते रोजचंच झालं. टोमणा नव्हता हो तो. मायेनं विचारायची. टोमणा असता तर मी भांडलो असतो आणि सगळं तिथंच संपलं असतं, नाही का?

पाळीखाली एक म्हातारा गुरं पाण्यावर आणायचा. त्यानं एकदा गंमत केली, "काय फौजीभाऊ, पोरगी समोर अन् तुमी मांगं? सरकारनं नाव चुकवलं वाटते." शालू हसली. मीही हसलो. त्या दिवशी आईनं ठेवलेले चणे तसेच सोडून उठलो.

आता सांगतोच. नाही — आधी एक राहिलं. त्याआधीच्या उन्हाळ्यात मी जंगल खात्याच्या कामावर रोजंदारीनं गेलो होतो, आणि वाघाचा पंजा मातीत कसा उमटतो ते तिथं नीट बघून घेतलं होतं. मागं रुंद गादी, समोर चार बोटं, नखं दिसत नाहीत. शिकताना मनात काही नव्हतं, एवढं खरं.

बाबांचं जाळं बघून येतो म्हणून दिवस मावळताना गेलो. सांडव्याजवळ पाणी झिरपून चिखल मऊ असायचा. मी उकिडवा बसलो. तळहाताची टाच दाबून गादी केली, अंगठ्यानं चार बोटं. मग चालीच्या अंतरावर दुसरा. तिसऱ्यापर्यंत हात बसला. तो सगळ्यांत खरा उतरला. पाण्यावर शेवटचा उजेड होता, बगळे परतत होते, कुठं काही आवाज नव्हता. आणि मला — हे लिहिताना लाज वाटते — फार बरं वाटत होतं. पोळ्याला मातीचे बैल करत बसायचो, तसं. मग हात तलावात धुतले आणि घरी येऊन जेवलो.

दुसऱ्या दिवशी ती नेहमीसारखी पुढं होती. सांडव्यापाशी थांबली. कितीतरी दिवसांनी मी तिला गाठलं. तिनं खाली बघितलं, जंगलाकडे बघितलं, आणि माझं मनगट घट्ट धरलं. मला सोडून पळाली असती तर मी निम्म्या पाळीवर असताना ती घरी पोचली असती. पण ती माझ्या चालीनं धावली. पूर्ण पाळभर, मनगट न सोडता, जंगलाच्या बाजूला स्वतः राहून. तिचा हात गारठला होता. आणि मी काय करत होतो? भ्यायल्यासारखा धावत होतो.

जंगल खात्याचा माणूस येईपर्यंत गुरांनी तो चिखल तुडवून टाकला होता. पण आमच्याकडे पंजा दिसला म्हटल्यावर खात्री करत कोण बसतो? वाघ आमच्याकडे खरेच आहेत, त्यांनी माणसं नेली आहेत. त्या खऱ्या भीतीवरच माझं खोटं उभं राहिलं. बायकांनी सरपणाची वाट बदलली. बाबा एवढंच म्हणाले, "शालूचं धावणं बंद. उद्यापासून पाळीवर जायचं नाई."

ती बाबांशी वाद घालत बसली नाही. माझ्याकडे आली. "दादा, तू सांग ना बाबाले. पाळीवर नाई त डांबरी रस्त्यानं धावू आपण. तू संगं असला त बाबा नाई म्हणणार नाई." एका वाक्याचं काम होतं. त्या दिवसांत घरात माझा शब्द चालायचा. मी तिच्याकडे न बघता म्हणालो, "जीवाहून भरती मोठी हाय का?"

तिनं मान डोलावली. माझं म्हणणं तिला पटलं. ते पटलं, याचंच मला आज जास्त वाईट वाटतं.

मी मात्र धावत राहिलो. त्याच पाळीवर, एकटा. तिथं वाघ आलाच नव्हता, हे सगळ्या गावात फक्त मला ठाऊक होतं. आईनं देवाला नारळ बोलला, बाबांनी हातात काठी दिली. गावात बोलणं सुरू झालं, की हा पोरगा वाघाच्या वाटेवर धावते, याले कशाचं भेव नाई. माझ्या हिमतीचं गावभर नाव झालं ते असं. अजूनही तेच सांगतात लोक. मी परत येईपर्यंत शालू उंबऱ्यावर बसून असायची, पायाच्या अंगठ्यानं माती उकरत. मी दिसलो की उठून आत जायची.

मी ट्रेनिंगला गेलो. दम टिकला, पास झालो. तिथं असतानाच तिच्या भरतीची धावण्याची चाचणी झाली. तिनं दुकानातल्या फोनवरून सांगितलं, "थोडक्यात राह्यलं, दादा. शेवटी पाय भरून आले." मी म्हटलं, पुढच्या वेळेला बघू. पुढची वेळ आली नाही. आरमोरीकडच्या एका घरी तिचं लग्न झालं. ती दुःखात आहे असं नाही. नवरा भला आहे, दोघं मिळून धानाची शेती करतात. ती भरतीत निघालीच असती का? कोण सांगणार? तिला स्वतःलाही ते कधी कळू नये, एवढी तजवीज मी करून ठेवली.

आणि ती मला मानते. सासरी, शेजारी, सगळ्यांना सांगून झालंय, की त्या दिवशी दादा संगं होता म्हणून मी वाचली. दर राखीला सांगते. तिनं धरलं होतं त्याच मनगटावर राखी बांधता बांधता सांगते, आणि मी ओवाळणीचं ताट बघत बसतो. तेव्हा माझं वय कमी होतं, असं म्हणता येईल. धास्तावलो होतो, असंही. म्हणत नाही.

आता मी निवृत्त होऊन गावीच आहे. सकाळी पाळीवर पोरंपोरी भरतीसाठी धावतात आणि मी शिट्टी घेऊन उभा असतो. गेल्या हिवाळ्यात शालू तिच्या मुलीला घेऊन आली. पोरीला पोलीस व्हायचं आहे, मामा तयारी करून घेईल म्हणून. सकाळी तिघंही पाळीवर गेलो. लग्नाआधीपासून शालूनं तिथं पाऊल ठेवलं नव्हतं, माझा हात धरूनच चालत होती. धुकं होतं. मोहाच्या झाडाखालून निघालो ते सांडव्यापाशी पोचलो.

सांडवा आता सिमेंटचा झाला आहे, तरी तिनं जागा बरोबर ओळखली. मुलीला म्हणाली, "इथी होता पंजा. म्हणून तू इथवर नाई यायचं, अर्ध्यातूनच फिरायचं." मग केवढा होता ते दाखवायला उकिडवी बसली. तळहाताची टाच ओल्या मातीत दाबली, समोर अंगठ्यानं चार बोटं काढली. अगदी तशीच. मान वर करून तिनं माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत संशय नव्हता, जुनी भीती तेवढी होती.

"एवढाच होता ना, दादा?"

"हो," मी म्हणालो. "एवढाच होता."